पंचमदांचा माउथ ऑर्गन आणि मायक्रोफोनचा इम्पीडन्स

माउथ ऑर्गन, एक साधा माइक, मित्राकडून आणलेलं गिटारचं डिले पेडल आणि छोटा अ‍ॅम्प. सगळं जोडलं, फुंकर मारली आणि आवाज आला तो रिकाम्या डब्यातून आल्यासारखा. पातळ, टोचणारा, खालचे सूर जवळपास गायब. असं झालं की पहिला संशय माइकवर जातो, मग पेडलवर आणि शेवटी वाजवणाऱ्याच्या दमावर. बऱ्याच वेळा तिघंही निर्दोष असतात. गडबड असते ती त्यांच्या मधल्या जोडणीत आणि त्या गडबडीचं नाव इम्पीडन्स.

आज हा इम्पीडन्स समजून घेऊ, पण नुसत्या सूत्रांनी नाही. ज्या माणसाने मुंबईच्या स्टुडिओत माउथ ऑर्गनच काय, ग्लास, चमचा आणि रिकामी बाटलीसुद्धा माइकसमोर आणली, त्याच्या आयुष्यातून समजून घेऊ. नाव तुम्हाला माहीत आहे: राहुल देव बर्मन. सगळ्यांचे पंचमदा.

त्यांना आपण संगीतकार म्हणून ओळखतो. पण त्यांचं स्वतःचं नाव पोस्टरवर यायच्या आधी, लोकांनी त्यांचा आवाज ऐकला तो माउथ ऑर्गनमधून. तो कोण वाजवतंय हे मात्र ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

कोलकात्याचा मुलगा, मुंबईचा वादक

पंचमदांचा जन्म २७ जून १९३९ चा, कोलकात्यातला. वडील सचिन देव बर्मन, म्हणजे हिंदी सिनेमातलं मोठं नाव. आई मीरा देव बर्मन स्वतः गायिका आणि गीतकार. घरात संगीत होतंच, पण नुसतं घरातलं पुरलं नाही. सरोद ते उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकले, तबला पंडित सामता प्रसाद यांच्याकडे. आणि या दोन भारदस्त वाद्यांच्या जोडीला त्यांच्या खिशात असायचा माउथ ऑर्गन.

मुंबईत आल्यावर ते वडिलांचे सहायक झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर ज्युनियर डेव्हलपर. रिहर्सल सांभाळायची, वादकांना त्यांचे तुकडे समजावून द्यायचे, गरज पडली तर स्वतः वाजवायला बसायचं आणि श्रेय सीनियरच्या नावावर जाणार हे गृहीत धरायचं.

१९५८ मध्ये राज खोसला यांचा 'सोलवा साल' आला. देव आनंद, वहिदा रेहमान आणि हेमंतकुमारांच्या आवाजातलं 'है अपना दिल तो आवारा'. संगीत सचिनदांचं. या गाण्यात शब्दांच्या मधून जो माउथ ऑर्गन सतत डोकावतो, तो वाजवलाय पंचमदांनी. वय जेमतेम १९. गाणं तुफान चाललं. आजही कुणी नवा माउथ ऑर्गन घेतला की पहिल्या महिन्यात हेच गाणं वाजवायला बघतो.

आता ते गाणं हेडफोन लावून ऐका. माउथ ऑर्गनचा आवाज स्वच्छ आहे, गोल आहे, आजूबाजूला थोडी हवा आहे. कारण स्टुडिओत वाद्य माइकपासून अंतर राखून वाजवलं जायचं. माइक आणि वाद्य यांच्यामध्ये मोकळी जागा, आणि माइकच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला त्या माइकसाठीच बनवलेला मिक्सर. मिक्सरवर बसलेला रेकॉर्डिस्ट प्रत्येक वाद्याचा तोल सांभाळायचा. गायक आणि वादक एकाच वेळी वाजवत. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

दुसरीकडे, शिकागोत

त्याच काळात माउथ ऑर्गनची एक वेगळीच शाळा अमेरिकेत तयार झाली होती. लिटल वॉल्टर नावाचा एक वादक, जन्म १९३०, लुइझियाना राज्यातला. शिकागोच्या गोंगाटी क्लबांमध्ये इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सपुढे माउथ ऑर्गन ऐकूच यायचा नाही. मग त्याने काय केलं? माइक स्टँडवरून काढला आणि माउथ ऑर्गनसकट दोन्ही हातांच्या ओंजळीत घट्ट धरला.

ओंजळ बंद झाली की आतला हवेचा दाब वाढतो, खालचे सूर भरतात, वरचे तीक्ष्ण सूर दबतात. माइकमधून निघणारा सिग्नल इतका जोरदार होतो की पुढचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प तो जसाच्या तसा मोठा करू शकत नाही. तो सिग्नलची टोकं कापतो आणि आवाज सॅक्सोफोनसारखा जाड, खरखरीत होतो. १९५२ मध्ये त्याची 'ज्यूक' ही रेकॉर्ड आली आणि अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे पहिल्या नंबरावर राहिली. १९६८ मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी तो गेला, पण ओंजळीतला माइक मागे ठेवून गेला.

म्हणजे माउथ ऑर्गनला माइकशी जोडायच्या दोन पद्धती. एक ताडदेवची, अंतर राखून. दुसरी शिकागोची, मिठी मारून. तुम्ही पेडल जोडायला जाता तेव्हा तुम्ही दुसऱ्या पद्धतीत शिरलेले असता आणि इम्पीडन्सचा प्रश्न तिथे जास्त छळतो. का, ते बघू.

चाळीतला नळ आणि इम्पीडन्स

गिरगावातल्या जुन्या चाळीची कल्पना करा. गच्चीवर पाण्याची टाकी, तिथून खाली आलेला पाइप आणि शेवटी नळ. नळ बंद असताना पाइपमध्ये पाण्याचा पूर्ण दाब असतो. नळ थोडासा उघडला तर दाब फारसा कमी होत नाही. पण पाइप बारीक असेल आणि नळ पूर्ण सोडला, तर दाब धाडकन पडतो. पाइप जाड असेल तर नळ बऱ्यापैकी उघडला तरी दाब टिकतो.

यात दाब म्हणजे व्होल्टेज, म्हणजेच तुमचा सिग्नल. पाइपचा बारीकपणा म्हणजे माइकचा इम्पीडन्स. बारीक पाइप म्हणजे हाय इम्पीडन्स, जाड पाइप म्हणजे लो इम्पीडन्स. आणि पुढच्या यंत्राचा, म्हणजे पेडल किंवा अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स म्हणजे नळ किती उघडलाय ते. इनपुट इम्पीडन्स जास्त म्हणजे नळ अगदी किंचित उघडा. कमी म्हणजे नळ सताड उघडा.

आपल्याला पाणी भरायचं नाहीये, फक्त दाब पुढे पोचवायचा आहे. म्हणून नियम सोपा: पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स माइकच्या इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा. इथे 'मॅचिंग' म्हणजे दोन्ही आकडे सारखे करणं असं वाटतं, पण ऑडिओत तसं नसतं. दोन्ही सारखे केले तर सिग्नल निम्मा होतो.

आकड्यांत बघा. समजा माइकचा इम्पीडन्स १ लाख ओहम आहे. पेडलचा इनपुट १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम असेल, तर ९१ टक्के सिग्नल पुढे जातो. तोच माइक १० हजार ओहमच्या इनपुटला लावला तर उरतो फक्त ९ टक्के. माइक तोच, फुंकर तीच.

सोपं वाटलं ना? एक गुंता अजून आहे, पण तो थोडा पुढे. आधी पंचमदांकडे परत जाऊ, कारण १९६४ मध्ये त्यांनी एक गोष्ट केली जी फार कमी लोक करतात.

दुसऱ्याच्या सिनेमात वाजवलेला माउथ ऑर्गन

१९६१ मध्ये मेहमूदच्या 'छोटे नवाब'मधून पंचमदा स्वतंत्र संगीतकार झाले होते. पण त्या एका सिनेमाने रांग लागली नाही. वडिलांचं सहायकपद चालूच होतं. 'बंदिनी', 'तेरे घर के सामने', पुढे 'गाइड' अशी मोठी कामं त्या घरातून बाहेर पडत होती, पण श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरांत वडीलच.

त्याच वेळी लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा हे त्यांचे दोन मित्र स्वतःची जागा शोधत होते. तेही वादक म्हणून वर आलेले. त्यांना राजश्रीचा 'दोस्ती' मिळाला. दोन गरीब मुलांची गोष्ट, एक दृष्टिहीन आणि गाणारा, दुसरा पायाने अधू आणि माउथ ऑर्गन वाजवणारा. मोठा स्टार एकही नाही. म्हणजे पडद्यावरचं निम्मं नायकपण त्या माउथ ऑर्गनवर अवलंबून होतं.

तो वाजवला पंचमदांनी. जरा विचार करा. स्वतः संगीतकार म्हणून धडपडणारा, मोठ्या संगीतकाराचा मुलगा, आणि आपल्या थेट स्पर्धकांच्या सिनेमात वादक म्हणून जाऊन बसतो. 'दोस्ती' १९६४ मध्ये आला, धो धो चालला आणि सर्वोत्कृष्ट संगीताचा फिल्मफेअर लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना मिळाला. पुढची पंचवीसेक वर्षं हेच दोघं आणि पंचमदा बाजारात समोरासमोर उभे राहणार होते. पंचमदांना त्यांचा पहिला फिल्मफेअर मिळायला अजून जवळपास वीस वर्षं जायची होती.

त्या काळातले वादक असेच जगत. कोण कुणाच्या पार्टीत यापेक्षा रेकॉर्डिंगला कोण हवंय हे महत्त्वाचं. पण 'दोस्ती'चं यश बघताना त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा अंदाज ज्याने कधी दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये रात्री जागवल्यात त्याला बांधता येईल.

ताडदेवचा स्टुडिओ आणि छोट्या आवाजांचे दिवस

१९६६ मध्ये 'तीसरी मंजिल' आला आणि चित्र बदललं. शम्मी कपूरना आधी दुसरे संगीतकार हवे होते, पण चाली ऐकल्यावर ते तयार झाले. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स, ब्रास, सगळं धावत आलं. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'नंतर पंचमदा म्हणजे तरुणांचा आवाज असं समीकरणच झालं.

त्यांची कितीतरी गाणी रेकॉर्ड झाली ती ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये. मुंबई सेंट्रलहून चालत जाता येईल असा तो भाग. इथे त्यांची माणसं जमायची: तबला आणि ऱ्हिदम सांभाळणारे मारुतीराव कीर, सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग, बासू चक्रवर्ती, गिटारवर भानू गुप्ता. पंचमदा आवाज शोधायचे, ही मंडळी तो वाजवून दाखवायची.

आणि ते आवाज तरी कसले! १९७३ च्या 'यादों की बारात'मध्ये ग्लासवर आपटलेला चमचा. १९७५ च्या 'शोले'तल्या 'मेहबूबा'मध्ये बाटलीच्या तोंडावर मारलेली फुंकर. हे आवाज खोलीत शेजारी बसलेल्यालाच ऐकू येतील इतके लहान. व्हायोलिनच्या रांगा आणि ड्रम्स चालू असताना ते टिकणं शक्यच नव्हतं. ते टिकले कारण त्यांच्यासमोर माइक होता, त्या माइकला योग्य इनपुट होतं आणि रेकॉर्डिस्टने त्यांना मोठ्या वाद्यांच्या बरोबरीने जागा दिली होती.

आज आपण फोनमध्ये दहा ट्रॅक उघडतो, प्रत्येकाचा व्हॉल्यूम बोटाने सरकवतो आणि त्याचं काही वाटत नाही. तेव्हा सगळे एकत्र वाजवत असताना ग्लासचा टणत्कार ऐकू आणायचा म्हणजे माइक कुठे ठेवायचा, किती जवळ ठेवायचा, कुणाला किती मागे बसवायचं हे आधीच ठरवावं लागे. नंतर दुरुस्त करू, ही सोय फारशी नव्हती.

'शोले'मध्येच जय संध्याकाळी ओसरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा दिवे मालवत असते. ती धून भानू गुप्तांनी वाजवलीय. सहा वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना ती पाठ आहे. १९५८ मध्ये स्वतः वाजवणारा मुलगा आता दुसऱ्याच्या हातात तेच वाद्य देऊन मागे उभा होता.

आता तो गुंता: खालचे सूर कुठे जातात?

मघाशी नळाच्या उदाहरणात सगळा सिग्नल सारखाच कमी होत होता. पण सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारीत आवाज नुसता लहान नव्हता, खालचे सूर गायब होते. त्याचं कारण जुन्या धाटणीचे क्रिस्टल माइक.

शिकागोच्या पद्धतीत लोकप्रिय असलेल्या गोल, मुठीत मावणाऱ्या माइकांपैकी काहींच्या आत क्रिस्टल असतो. हवेच्या दाबाने तो वाकतो आणि व्होल्टेज तयार होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने हा क्रिस्टल एका छोट्या कपॅसिटरसारखा वागतो आणि कपॅसिटर खालच्या फ्रीक्वेन्सीला जास्त अडवतो. किती अडवेल हे पुढच्या इनपुटवर ठरतं.

उदाहरणासाठी कपॅसिटन्स १००० पिकोफॅरड धरू. इनपुट ५ मेगाओहम असेल तर साधारण ३२ हर्ट्झच्या खालचा आवाज कमी व्हायला लागतो. काहीच अडचण नाही. १ मेगाओहम असेल तर ती सीमा १६० हर्ट्झच्या आसपास येते. तरी ठीक. पण इनपुट १०० किलोओहम असेल तर सीमा थेट १६०० हर्ट्झवर जाते.

आता माउथ ऑर्गन बघा. सी स्केलच्या दहा छिद्रांच्या माउथ ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर २६२ हर्ट्झ, सगळ्यात वरचा २०९३. म्हणजे १०० किलोओहमच्या पेडलमध्ये तो माइक लावला तर वाद्याचा बहुतेक भाग कापणीच्या पट्ट्यात येतो. म्हणून तो डब्यासारखा आवाज. जुन्या पद्धतीच्या काही फझ पेडल्सचा इनपुट तर याहूनही खूप कमी असतो.

मग पेडल कसं जोडायचं?

आधी तुमच्या हातात कुठला माइक आहे ते ओळखा. तीन शक्यता आहेत.

पहिली, गाण्यासाठी वापरतात तो साधा डायनॅमिक माइक, तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीचा. हा लो इम्पीडन्स, साधारण १५० ते ३०० ओहम. गिटार पेडलचा इनपुट बहुधा ५०० किलोओहम ते १ मेगाओहम असतो, म्हणजे दहापटीचा नियम सहज पाळला जातो. इथे अडचण वेगळी आहे. या माइकचा सिग्नलच लहान असतो, काही मिलिव्होल्ट. पेडलला गिटारएवढा जोर हवा असतो. नुसती एक्सएलआर ते गिटार जॅक अशी केबल लावली तर आवाज येतो, पण मरतुकडा, आणि व्हॉल्यूम वाढवला की सोबत खरखर वाढते.

यावर उपाय म्हणजे मॅचिंग ट्रान्सफॉर्मर. बोटाएवढी नळी असते, एका बाजूला एक्सएलआर, दुसऱ्या बाजूला गिटार जॅक. आतल्या वेढ्यांचं प्रमाण १:१० असेल तर व्होल्टेज दहापट होतं, म्हणजे २० डेसिबल वाढतं. फुकट नाही, इम्पीडन्स शंभरपट होतो: २०० ओहमचा माइक पेडलला २० हजार ओहमचा दिसतो. पण १ मेगाओहमच्या पेडलपुढे ते काहीच नाही. गिटारचा पिकअप पेडलला जसा दिसतो, साधारण त्याच घरातला हा आकडा. लॅमिंग्टन रोडवर मागताना 'लो टू हाय इम्पीडन्स माइक ट्रान्सफॉर्मर' असं पूर्ण नाव सांगा. नुसतं 'कन्व्हर्टर' म्हणालात तर आत ट्रान्सफॉर्मर नसलेला, फक्त पिना बदलणारा तुकडा हातात पडू शकतो.

दुसरी शक्यता, माउथ ऑर्गनसाठीचा हाय इम्पीडन्स डायनॅमिक माइक. हा थेट पेडलमध्ये जातो. फक्त केबल लांब नको. केबलच्या प्रत्येक मीटरमध्ये साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. १ लाख ओहमच्या माइकला सहा मीटरची केबल लावली तर २६०० हर्ट्झच्या पुढची चमक उतरायला लागते.

तिसरी शक्यता, क्रिस्टल माइक. याच्यासाठी पेडलच्या आधी एक बफर लावा, ज्याचा इनपुट काही मेगाओहम आहे. आपल्या कोडमधला बफर डेटा साठवून ठेवतो. हा बफर काहीच साठवत नाही. तो एका बाजूने माइककडून जवळपास काही न मागता सिग्नल घेतो आणि दुसऱ्या बाजूने जाड पाइपसारखा पुढे देतो. बफर एकदा सुरुवातीला लागला की मागची पेडल्स कुठलीही असोत, माइकला त्यांची झळ पोचत नाही.

क्रम ठेवा: माइक, मग ट्रान्सफॉर्मर किंवा बफर, मग ओव्हरड्राइव्ह, शेवटी डिले किंवा रिव्हर्ब. ओव्हरड्राइव्ह बेताने. ओंजळीतला माइक आणि जोरदार ओव्हरड्राइव्ह एकत्र आले की अ‍ॅम्प शिट्टी मारायला लागतो, कारण माइक गिटारच्या पिकअपसारखा मुका नाही, तो अ‍ॅम्पचाच आवाज पुन्हा ऐकतो. आणि कॉलेज फेस्टला किंवा मंडळाच्या स्टेजवर पेडलमधून थेट मोठ्या मिक्सरला जायचं असेल तर शेवटी डीआय बॉक्स लावा. तो हेच काम उलट करतो, हायचं लो. लालबाग-परळच्या मिरवणुकीत बँजोचा पिकअप गाडीवरच्या अ‍ॅम्पला जोडतात, तिथेही दहापटीचा हाच हिशोब लागू पडतो.

आणि फोन? जुन्या अँड्रॉइड फोनच्या हेडफोन जॅकमध्ये साधा डायनॅमिक माइक घुसवू नका. फोन तिथे १००० ओहम किंवा जास्तीचा हेडसेट माइक शोधत असतो. अँड्रॉइडच्या ठरावानुसार २१० ते २९० ओहम म्हणजे हेडसेटवरचं आवाज वाढवायचं बटण! म्हणजे तुमचा माइक फोनला बटण दाबून धरल्यासारखा वाटू शकतो. त्यापेक्षा यूएसबीवर चालणारा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्या आणि माइकसाठी माइकचं, पेडलसाठी 'हाय झी' किंवा 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेलं इनपुट वापरा.

शेवटची वर्षं

१९८० च्या दशकात पंचमदांच्या वाट्याला दोन्ही आलं. १९८० मध्ये आशा भोसले यांच्याशी लग्न झालं. 'सनम तेरी कसम' आणि 'मासूम' या दोन सिनेमांसाठी लागोपाठ फिल्मफेअर मिळाले. आणि मग सिनेमे पडायला लागले. डिस्कोची लाट आली, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणि ऱ्हिदम मशीन स्वस्त झाली. दहा वादकांचं काम एक जण करू लागला. ज्या माणसाने स्टुडिओत नवे आवाज आणले, त्यालाच निर्माते जुना समजायला लागले. ज्यांच्यासाठी त्याने वर्षानुवर्षं काम केलं होतं, त्यांतलेही काही दुसरीकडे वळले.

१९८८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. फोन वाजायचे कमी झाले. स्टुडिओ तेच होते, मिक्सर आधीपेक्षा चांगले होते, माणूस तोच होता. आवाज पुढे पोचत नव्हता.

विधू विनोद चोप्रा यांनी मात्र '१९४२: अ लव्ह स्टोरी' त्यांनाच दिला. गाणी तयार झाली. ४ जानेवारी १९९४ रोजी पंचमदा मुंबईत गेले, वय ५४. सिनेमा त्यानंतर काही महिन्यांनी, जुलैमध्ये लागला. त्या वर्षी गल्लोगल्ली तीच गाणी वाजत होती. तिसरा फिल्मफेअर मिळाला तेव्हा तो घ्यायला ते नव्हते. नव्या संगीतकारांसाठी फिल्मफेअरने जो पुरस्कार सुरू केला त्याला त्यांचं नाव दिलं, आणि २०१३ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

त्यांना संपलेला समजणाऱ्यांचा अंदाज चुकला होता, हे त्यांना स्वतःला बघायला मिळालं नाही. हे वाचून वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं. चांगला सोर्स आणि चुकीचं इनपुट एकत्र आलं की दोष नेहमी सोर्सला मिळतो, हा अनुभव माइक-पेडलपुरता मर्यादित नाही.

म्हणून तुमचा सेटअप डब्यासारखा वाजला तर माइक लगेच विकायला काढू नका. आधी माइकच्या कागदावरचा इम्पीडन्स बघा, मग पेडलच्या मॅन्युअलमधला इनपुट इम्पीडन्स. दुसरा आकडा पहिल्याच्या दहापट आहे का? क्रिस्टल माइक असेल तर इनपुट किमान १ मेगाओहम आहे का? सिग्नल लहान असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे का? हे तीन प्रश्न सुटले की बहुतेक वेळा खालचे सूर परत येतात.

आणि आज रात्री 'सोलवा साल'चं ते गाणं फोनच्या स्पीकरवर नाही, हेडफोनवर ऐका. १९ वर्षांचा मुलगा आहे तो. पोस्टरवर त्याचं नाव यायला अजून तीन वर्षं आहेत, पण वाजवतोय मनापासून.